पांढरी किती, काळी किती

गिरजे, तू थुंकायचीस. बाकी काही लिहायच्या आधी मला हे लिहून टाकायचंय. घोट तोंडात घ्यायचीस, गालात घोळवायचीस, डोळे मिटून थोडा वेळ उभी राहायचीस आणि मग पायापाशी ठेवलेल्या पत्र्याच्या बादलीत थुंकायचीस. वर पाण्यानं चूळ भरायचीस. इतक्या वर्षांत वाईनचा एक थेंब तुझ्या घशाखाली गेलेला मी बघितला नाही. "जिभेला दाखवायचं अक्का, पोटाला कळू द्यायचं न्हाई," असं म्हणून हसायचीस.

तुझ्या मातीच्या वेळी मी हे सगळ्यांसमोर बोलले. तुला खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं. तळहातावर इष्टलिंग, कपाळभर विभूती, मांडीवर बेलाची पानं. स्वामी मंत्र म्हणत होते. माझ्या मागं दोन बाया उभ्या होत्या, त्यांतली एक दुसरीला हळूच म्हणाली, दारूनं खाल्लं बाईला. मी वळले आणि म्हणाले, "ती थुंकायची. एक घोट प्याली न्हाई ती कधी." माझा आवाज फार चढला असावा. स्वामी थांबले. सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली आणि मग माझ्या हातांकडं.

माझे हात कोपरापर्यंत जांभळे होते. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी ड्रममध्ये काळ्या द्राक्षांच्या साली दाबत होते. तो रंग घासून जात नाही हे तुला माहीत आहे, पण बघणाऱ्यांना कुठं माहीत होतं? त्याच हातांनी मी तुझ्यावर माती लोटली. मी खरं बोलले होते आणि ते तिथल्या तिथं खोटं ठरलं. त्या बाईच्या मुलालाही त्याच महिन्यात कावीळ झाली होती. गावच्या ज्या टाकीचं पाणी तू प्यायचीस, त्याच टाकीचं तोही पीत होता. तो बरा झाला. त्याला कुणी विचारलं नाही, तू काय प्यायलास म्हणून.

तू भोकरची. लग्न होऊन आलीस तेव्हा आम्ही तुझ्या बोलण्याला हसायचो. मी विचारायचे, "काय करायलीस?" तू म्हणायचीस, "भाकरी करून राहिले." तू बी.एस्सी. झालेली, नांदेडला सूक्ष्मदर्शकातून किडे बघितलेली, आणि मी बारावीत लग्न झालेली थोरली जाऊ. माझी भीती होती की तू शहाणपण शिकवशील. तू आल्या आल्या मला विचारलंस, आंबील इतकी एकसारखी आंबट कशी होते तुमची? मला तेव्हाच तू आवडलीस. सांगितलं मात्र कधी नाही.

द्राक्षं लावली ती एका वाईनच्या कंपनीच्या भरवशावर. एका बाजूला पांढरी शेनिन, दुसऱ्या बाजूला काळी शिराज. कंपनीची गाडी काही वर्षं आली आणि मग यायची बंद झाली. शिवारात ज्यांनी ज्यांनी लावली होती त्यांनी वेल उपटून ऊस लावला. ही द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. ती बाजारात कोण खायला घेणार? आपल्या घरातही तेच ठरलं होतं. तुझे मालक, शिवराज भावजी, ट्रॅक्टर सांगून आले होते. तू जेवणं वाढता वाढता म्हणालीस, आपणच वाईन करू.

लिंगायताच्या घरात वाईन! माझे मालक कारखान्यावर नोकरीला, त्यांनी मान हलवली ती होकारार्थी की नकारार्थी हे आजपर्यंत कळलेलं नाही. भावजी मात्र उठून गेले. तू ताटं उचलत मला एवढंच म्हणालीस, "तंबाखू पिकवणारा समदी तंबाखू खातो का अक्का? आपल्याला प्यायची न्हाई, करायची हाय." मग नाशिकला जाऊन शिकून आलीस. परवाना आला तेव्हा त्यावर दोघींची नावं होती, कारण तू मला विचारलंच नव्हतंस.

मी का तयार झाले, ते सांगते. तू म्हणाली होतीस, आपण बाहेरचं काही घालायचं नाही. विकतचं खमीर नाही, साखर नाही, टिकवायची पावडर नाही. जे सालीवर असतं तेच काम करील, आपण फक्त स्वच्छता ठेवायची, थंड ठेवायचं आणि वाट बघायची. मला वाटलं, हे तर मी रोजच करते. पिठाला कोण बाहेरून काय घालतं?

थंड ठेवायचं म्हटल्यावर तू दगडाची खोली मागितलीस. तेव्हा मी तुझ्याशी पहिल्यांदा भांडले. आमच्या भागात भूकंपानंतर दगडाची भिंत कुणी बांधत नाही. माझा धाकटा भाऊ दगडांखाली गेला. मी तेव्हा शाळेत होते. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितल्यावर तू विषय सोडलास असं मला वाटलं. काही दिवसांनी म्हणालीस, "माणसं माळवदाच्या मातीनं मेली अक्का. भिंत छातीएवढीच बांधू, अर्धी खोली जमिनीत. वर हलका पत्रा. आत जाताना तुमचा हात मी धरीन." जुन्या गावठाणात पडलेले दगड आणून ती खोली झाली. पहिल्या वर्षी खरंच तू माझा हात धरून मला आत न्यायचीस. नंतर कधी सोडलास ते माझ्या लक्षातही आलं नाही. आता मी एकटी आत जाते. भीती वाटत नाही, गिरजे. दगडांची तरी नाही.

पहिल्या वर्षी दोन्ही वाईन वेगवेगळ्या केल्या आणि दोन्ही फसल्या. आपलं ऊन नाशिकचं ऊन नाही. काळी एवढी दाट आणि उग्र झाली की तू चाखून कितीतरी वेळ चुळा भरत होतीस. पांढरी पाण्यासारखी, नुसती आंबट. मी म्हटलं, संपलं आता. तू दोन स्टीलचे पेले घेतलेस, एकातलं दुसऱ्यात ओतलंस, चाखलंस, डोळे मिटलेस. उघडलेस तेव्हा त्यांत पाणी होतं. काय झालं म्हणून मी घाबरून विचारलं, तर तू पेला उजेडाकडं धरलास. अंबाडीच्या बोंडांचं सरबत असावं तसा रंग आला होता. तेव्हापासून आपण दोन्ही मिसळूनच वाईन केली. फार नाही, खोलीत मावेल तेवढीच. हैदराबादचा एक हॉटेलवाला सगळी घेऊन जायचा. गढूळ असते म्हणून तक्रार करायचा आणि पुढच्या वर्षी आधीच सांगून ठेवायचा.

आणि तेव्हापासून आपलं भांडणही तेच, पांढरी किती आणि काळी किती. तू म्हणायचीस निम्मी निम्मी. मी म्हणायचे पांढरी कमी कर, रंग फिका पडतो, गिऱ्हाईक बाटली रंगावर घेतं. मला वासही कळायचा. झाकण उघडलं की कुठला ड्रम रुसलाय हे मी दारातून सांगायचे आणि तू ते मानायचीस. पण पांढरी-काळीचा विषय निघाला की तुझं एकच उत्तर, "चाखल्याबिगर तुमचं मत अर्धंच हाय अक्का." मी दीक्षा घेतलेली. तुझ्याही गळ्यात तेच लिंग होतं. तू म्हणायचीस, देवाला थुंकणं कळतं. मी म्हणायचे, देवाला कळेल, माझ्या मनाला कळत नाही.

यंदा ते भांडण नीट झालंच नाही. माझ्या लेकीला उदगीरचं स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, किराणा दुकान, घरात सकाळ-संध्याकाळ पूजा. बघून गेली आणि मग निरोप आला की घरात दारूचा धंदा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या दिवशी शिराजची तोडणी चालू होती. मी पाटी खाली ठेवली आणि तुला म्हणाले, या हंगामानंतर मी नाही. माझं नाव परवान्यावरून काढ. तू बराच वेळ घड कापत राहिलीस. मग म्हणालीस, "काढते. पण एकदा चाखा, मग सोडा. न चाखता सोडू नका." मी पाटी उचलून चालू लागले. दोन दिवस आपण एकाच ड्रमच्या दोन बाजूंना उभं राहून काम केलं आणि बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू मान वर केलीस आणि तुझे डोळे पिवळे होते.

तू म्हणालीस, एवढी काळी द्राक्षं दाबून होऊ दे. मी ऐकलं नाही. भावजींनी गाडी काढली, मी मागं तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर विचारत गेले, ताप कधीपासून, उलटी किती, आणि मग विचारलं, दारू घेतात का? भावजी म्हणाले, "हो. म्हंजे... ती वाईनच करते." मी लगेच म्हणाले, नाही, ती थुंकते, फक्त चव बघते. डॉक्टर म्हणाले, ते सगळ्यांनाच विचारतो, ही पाण्यातून होणारी कावीळ आहे, बहुतेक माणसं यातून उठतात. तुझा भाऊ, भावजींचे मित्र, आणखी चार माणसं तिथं उभी होती. पाण्याचं कुणी ऐकलं नाही. भावजींचं 'हो' मात्र आपल्या आधी गावात पोचलं.

बहुतेक माणसं उठतात. तू का नाही उठलीस?

दोन-तीन दिवसांत तुला वार कळेना. नर्सबाईला तू शाळेतल्या मैत्रिणीच्या नावानं हाक मारायचीस. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की यकृत साथ सोडतंय. या काविळीत क्वचित कुणाचं असं होतं. हैदराबादला न्यायचं ठरत होतं. त्या सकाळी तू अचानक शुद्धीत आलीस. माझ्याकडं नीट बघितलंस. म्हणालीस, "अक्का, साली वर आल्या असतील. तू जा." मी म्हटलं, लेक बघतेय घरी, मी इथंच थांबते. तू माझं मनगट धरलंस. "तिला जोर न्हाई. तू जा गं."

आयुष्यभर तू मला अहो-जाहो केलंस. जावेच्या नात्यात तसंच असतं. त्या सकाळी तू मला 'तू' म्हणालीस, आणि मी गेले. किल्लारीच्या फाट्यावर जीपमधून उतरले, पळत खोलीत गेले. साली रसाच्या वर येऊन सुकायला लागल्या होत्या. सुकल्या की रस बिघडतो, तूच शिकवलेलं. मी त्या दाबत होते, तेवढ्यात फोन वाजला. मी तुझं ऐकलं म्हणून मी तिथं नव्हते. गेले नसते तर तू चिडली असतीस. हे मी रोज दोन्ही बाजूंनी घोळवते आणि दोन्हीकडं भिंत लागते.

मातीवरून आल्यावर मी अंघोळ केली आणि परत खोलीत जाऊन साली दाबल्या. लोकांनी तेही बघितलं. माझी लेक दारात उभी होती, तिनं विचारलं, आता कशाला? तू जे शेवटचं सांगितलंस ते अर्धं राहिलं होतं, एवढंच.

तिसऱ्याचे विधी झाले आणि पाहुणे गेले, त्या दुपारी भावजी खोलीत आले. शिराजच्या आधी आंबवून ठेवलेल्या पांढरीच्या टाकीपाशी गेले आणि तोटी उघडली. वाईन फरशीवरून नालीकडं वाहायला लागली. मी धावले नाही. काय बोलावं ते सुचेपर्यंत किती गेली कोण जाणे. शेवटी मी म्हणाले, "ओता, भावजी. समदी ओता. फक्त ती पिऊन मेली असं तुमच्या तोंडानं एकदा म्हणा, मग ओता."

त्यांचा हात तोटीवरच होता. तुझी ती पत्र्याची बादली रोज संध्याकाळी कोण रिकामी करायचं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. लिंबाखाली नेऊन भावजीच ओतायचे आणि विसळून आणायचे. त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं की तुझ्या पोटात काय गेलं नाही? त्यांनी तोटी बंद केली आणि त्या ओल्या फरशीवर बसले. म्हणाले, "डॉक्टर काय विचारून राहिले तेच मला कळलं न्हाई, वहिनी. कुणीतरी तिच्याबद्दल विचारलं, मी हो म्हणालो." तुझं बोलणं त्यांच्या तोंडात होतं, गिरजे. लातूरचा माणूस असं बोलत नाही. मीही बसले. आम्ही दोघं रडलो, पण वेगवेगळ्या भिंतींकडं तोंड करून.

टाकीत थोडीच पांढरी उरली होती. ऊन वाढायला लागलं होतं. मी गोणपाटं भिजवून टाकीभोवती गुंडाळत होते, वीज जाऊन पंखा बंद पडला की पुन्हा भिजवत होते. पावडर घातलेली नाही, त्यामुळं ती जास्त दिवस थांबणार नव्हती. काळी दाबून काढून ठेवली होती. मिसळायची वेळ तुझी असायची. सकाळी रिकाम्या पोटी यायचीस, पेले मांडायचीस, मला म्हणायचीस बोलू नका. मी कितीतरी दिवस थांबले. कुणाची वाट बघत होते? हॉटेलवाल्याला बोलवावं असंही मनात आलं. पण त्याला तू केलेली आवडायची, ती होण्याच्या आधी ती कशी असते हे त्याला कुठं ठाऊक?

मग एका सकाळी मी पूजा केली. देवाला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही, ते आमचं दोघांचं आहे. खोलीत गेले, तीन पेले घेतले. एकात माझ्या म्हणण्यासारखं, थोडीच पांढरी. एकात जरा जास्त. एकात निम्मी निम्मी.

पहिला घोट घेतला आणि अंगावर काटा आला. जीभ आवळली, कच्चं केळं खाल्ल्यासारखी. थुंकले. माझा पेला काकवीसारखा जड लागला, रंग तेवढा देखणा. मधला पेला मला कळलाच नाही. तुझा पेला आंबट लागला, आणि मी तो थुंकणार तेवढ्यात त्यात काहीतरी आलं. चिंचेचा कोवळा पाला चावल्यावर येतं तसं काहीतरी, हिरवं, आणि त्याच्या मागून काळी हळूच आली, टोचली नाही. मी डोळे मिटले. मी डोळे मिटलेत हे मला नंतर कळलं. थुंकायचं राहून गेलं. घशात ऊब उतरली आणि मी तिथंच, त्या दगडांच्या खोलीत, तोंडावर पदर दाबून ओरडले.

तुझं बरोबर होतं. इतकी वर्षं तुझं बरोबर होतं, आणि मी रंगावरून भांडत होते. आणि हे मला कळलं तेव्हा बहुतेक पांढरी नालीतून वाहून गेलेली होती. आता सगळ्या काळीला पुरेल एवढी पांढरी नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणं मिसळली तर सगळी वाईन होते, तुझ्या म्हणण्याप्रमाणं केली तर थोडक्या बाटल्या. वाद मी जिंकले असं झालं होतं. असा नको होता जिंकायला. तू समोर उभी राहून मला खोटं ठरवायला हवं होतंस, "बघा, म्हणत होते ना" असं म्हणायला हवं होतंस, आणि मी चिडून बाहेर जायला हवं होतं.

मी निम्मी निम्मी केली. पांढरी संपेपर्यंत. उरलेली काळी ड्रममध्ये तशीच आहे, तिचं काय करायचं मला माहीत नाही. बाटल्या भरायला भावजी आले. बूच लावता लावता त्यांनी विचारलं, तिला आवडली असती का? मी म्हणाले, माहीत नाही. खरंच नाही. मला एका सकाळपुरतं एवढंच कळलं, तुला काय शोधायचं असायचं त्याची नुसती कड हाताला लागली. पुढचं दाखवायला तू नाहीस.

परवान्यावरून माझं नाव मी काढलेलं नाही. लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, मला त्या घरी जायचंच नव्हतं. तेवढं एक ओझं उतरलं. बाकीची आहेत तिथंच आहेत. गावात अजून तेच बोलतात. मी आता उत्तर देत नाही, कारण दिलं की ते माझ्या हातांकडं बघतात.

स्वामी परवा घरी आले होते. म्हणाले, रडायचं नाही, ती लिंगैक्य झाली, शिवात मिळाली, याहून मोठं काय. मी मान हलवली. ते गेल्यावर खोलीत आले आणि इथं बसून हे लिहितेय. तू शिवात मिळालीस हे बरं झालं असेल, गिरजे, शिवाचं बरं झालं असेल. मला तू इथं पाहिजेस. गोणपाटं भिजवायला, मला गप्प बसवायला, माझ्याशी भांडायला.

बाटल्या आडव्या करून ठेवल्यात. गढूळ आहेत. एकदोन बाटल्यांत बारीक बुडबुडे दिसतात, ते चांगलं की वाईट तेही माहीत नाही. पावसाळ्यापर्यंत कळेल. बिघडली तर मी ओतून देईन, तेवढं मला एकटीला जमेल. पण चांगली झाली तर? चांगली झाली तर ते मी सांगू कुणाला, एवढं तरी सांगून जायचंस.